शाळेच्या विहिरीचं पाणी

माय,

मागच्या महिन्यात गावी गेले होते. शाळेची विहीर बुजवून टाकली आहे. आत दगडमाती, जुन्या वर्गाची फुटकी कौलं आणि वरून मुरूम. पोरं त्याच्यावर लंगडी खेळत होती. मी बराच वेळ तिथं उभी राहिले, तेव्हा एक तरुण बाई वर्गातून बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, कुणाला शोधता का?" मी नाही म्हटलं आणि परत फिरले. डोणगावला घरी आल्यावर दोन दिवस काही सुचलं नाही, तिसऱ्या दिवशी ही वही काढली. तुला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून मी नोकरीला लागल्यावरही तुला कधी पत्र टाकलं नाही. "कागद कायले धाडतं वं? सुटीत येत जाय," असं तूच म्हणायचीस. म्हणजे हे माझं तुला पहिलंच पत्र.

आपण बौद्ध झालो त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. महाराष्ट्र राज्यही नवंच होतं. माझे बाबा वारले, आणि त्याच सुमाराला शाळेचे मोठे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, बाहेरगावाहून बदलून आले. शाळेत पाणी भरायला बाई हवी होती. गुरुजी स्वतः आपल्या वस्तीत आले, दारात उभे राहून तुला म्हणाले, "बाई, उद्यापासून या." गावात कुरबुर झाली, पण गुरुजी हटले नाहीत. मग काही घरांनी आपल्या पोरांना बजावून ठेवलं की शाळेत पाण्याला हात लावायचा नाही. ती पोरं मधल्या सुट्टीत घरी पळायची. बाकीची मात्र रांजणापाशी रांग लावायची आणि तू लांब दांड्याच्या ओगराळ्यानं त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचीस. शाळा भरायच्या आधी तू रांजण काथ्यानं घासायचीस. तळाला हात पोचावा म्हणून इतकी आत वाकायचीस की तुझे पाय जमिनीवरून उचलले जायचे. मी वर्गाच्या दारातून बघायचे, अर्धी माय रांजणात, अर्धी बाहेर.

विहीर शाळेच्या कुंपणाला लागून होती आणि कुंपणापलीकडे शाळा कमिटीच्या अध्यक्षांचं वावर. त्यांना सगळं गाव मालक म्हणायचं, तूही म्हणायचीस. मी चौथीत होते त्या वर्षी मालकांनी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारायला नवं औषध आणलं. पत्र्याचे डबे होते आणि डब्यांवर कवटी काढलेली. तरी सगळे त्याला औषधच म्हणत, आजही म्हणतात. पोळा झाला आणि फवारणी सुरू झाली. गडी शाळेच्या विहिरीतूनच पाणी काढून औषध कालवायचे आणि काम आटपलं की विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे पाण्याच्या दगडी कुंडात, पंप अन् डबे धुवायचे. धुतलेलं पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. थारोळ्याला भेगा पडल्या होत्या, त्यांतून ते पांढरं पाणी परत आत झिरपायचं. हे मी पाहिलं आहे. तूही पाहिलं होतंस. तू एकदा त्यांना म्हणालीस, "अरे बाप्पा, इथं नका धुऊ हे. लेकरं पेतेत इथलं पानी." त्यांतला एक जण हसला आणि म्हणाला, "मले काऊन सांगतं? मालकाले सांग."

मग दोन दिवस जोराचा पाऊस लागला. वावराचा बांध फुटला आणि वावरातलं सगळं पाणी उताराला लागून विहिरीत उतरलं. पाऊस उघडला त्या सकाळी तू घागर सोडलीस आणि तशीच वर ओढून घेतलीस. पाण्यावर बेडूक उलटे होऊन तरंगत होते. विहीर स्वच्छ राहावी म्हणून कुणीतरी कधीकाळी सोडलेले मासे होते, तेही पांढरी पोटं वर करून. तू पाणी नाकाशी धरलंस, मलाही धरायला लावलंस. मग ओल्या लुगड्यानं तशीच गुरुजींकडे गेलीस.

"गुरुजी, पान्याले रॉकेलवानी वास येऊन राह्यला. बेंडकं मरून पडले."

"पावसाचं गढूळ पाणी उतरलंय, बाई. तुरटी फिरवा."

"तुरटीनं गाळ बसते गुरुजी, वास नाई जात."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मी मालकांशी बोलतो," ते म्हणाले. "पण आज मुलांना तहान तर लागेल ना? आजच्या दिवस भरा."

तू भरलंस. मेलेले बेडूक काढून टाकलेस, पाणी दोनदा फडक्यातून गाळलंस, तुरटी फिरवलीस आणि रांजण भरलास.

ती दुपार मला अजून दिसते. मधली सुट्टी संपलेली आहे, आम्ही पाढे म्हणतो आहोत. शेजारच्या वर्गात कुणीतरी ओकतं. मग आणखी एक जण. एक पोरगी भिंतीला धरून उभी राहू बघते आणि खाली बसते. दुसरीतला एक पोरगा, कानात वाळी घातलेला, जमिनीवर पडून हातपाय झाडतो आहे, त्याचे दात बसले आहेत आणि गुरुजी त्याच्या दातांत पट्टी घालायला बघत आहेत. तू ओगराळं टाकून धावत येतेस, पण कुणीतरी तुला दारातच अडवतं, "तू नको हात लावू." पोरांना चिखलीच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी आली. उंद्रीवरून चिखलीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो पोरगा जिवंत होता म्हणतात. चिखली गाठता आलीच नाही त्याला. बाकीची पोरं आठपंधरा दिवसांनी उठली.

जी पोरं घरी जाऊन पाणी प्यायची त्यांतल्या एकालाही काही झालं नव्हतं. गावाला एवढं पुरलं. पाण्याला काही झालेलं नाही, हाताला झालेलं आहे, असं चावडीवर उघड बोलणं सुरू झालं. आपल्या वस्तीतली तीन लेकरं अंथरुणाला खिळलेली होती, ती मात्र कुणी मोजली नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्या पोराची आई आपल्या दारात आली. बस म्हटलं तरी बसली नाही. तिचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा.

"तुनंच पाजलं काय त्याले पानी?"

"हो. म्याच पाजलं. दोनदा मागतलं त्यानं."

"मंग तुले वास नाई आला?"

मी चुलीपाशी बसले होते, मला वाटलं तू आता गुरुजींचं नाव घेशील. तू म्हणालीस, "आला व बाई. आला, अन् मंग भरलं."

ती तशीच वळली आणि निघून गेली. शिवी नाही, शाप नाही. त्या दिवसापासून घरी कुणी आलं की तू मला हाक मारायचीस, "पोरी, पानी दे." स्वतःच्या हातानं तू पुन्हा कुणाला पाणी दिलं नाहीस. सुरुवातीला मला वाटायचं, तू मला वळण लावते आहेस.

पण तू गप्प बसणारी नव्हतीस. कमिटी बसली त्या सकाळी तू नदीवर गेलीस, पदराची झोळी करून बारीक मासोळ्या धरल्यास आणि दोन गाडगी घेऊन शाळेत आलीस. एकात नदीचं पाणी, एकात शाळेच्या विहिरीचं. मला सोबत घेतलंस. गाडगी आत आणू दिली नाहीत, म्हणून तू ती उंबऱ्याबाहेर ठेवलीस आणि सगळ्यांसमोर मासोळ्या दोन्हींत सोडल्यास. "पाहा मालक," एवढंच म्हणालीस. मालक आणि कमिटीची माणसं नको नको म्हणत दारात येऊन उभी राहिली. नदीच्या पाण्यातल्या मासोळ्या तळाला जाऊन बसल्या. विहिरीच्या पाण्यातल्या आधी भराभरा गोल फिरायला लागल्या, मग एकेक झटके देत आडवी झाली. पानाला चुना लावून ते तोंडात टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळ्या वर आल्या.

मालक म्हणाले, "हातात धरल्या तं मरतीनच ना मासोळ्या."

"अन् ह्या दुसऱ्या काऊन जित्या हायेत मंग? त्याबी ह्याच हातानं धरल्या."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांची नजर गाडग्यावर होती आणि त्यांना कळलं होतं, माय. मी पुढं चाळीस वर्षं शिकवलं, समोरच्याला कळलं की नाही कळलं हे मला चेहऱ्यावरून ओळखता येतं. त्या दिवशीही आलं होतं.

मग मालकांनी मला पुढं बोलावलं. डोक्यावर हात ठेवला. "पोरी, खरं सांगजो. तुही माय रांजण रोज घासते काय?"

उन्हाळ्यात तुला ताप आला होता, तेव्हा एक दिवस तू रांजण घासला नव्हतास. फक्त एक दिवस. मी म्हटलं, "रोज नाही घासत."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. आपण बाजारात कुणालातरी ओळखीचं समजून हाक मारतो आणि तो दुसराच निघतो, तसं पाहिलंस.

गुरुजींनी कागद लिहिला आणि माझ्याच हातात दिला, "आईला वाचून दाखव." मी चौथीत पहिली होते, मला सगळं वाचता येत होतं. पाणी भरणाऱ्या बाईनं रांजण स्वच्छ न ठेवल्यामुळे मुलांना बाधा झाली, असं होतं. तू विचारलंस, "अन् इहिरीचं?" मी म्हटलं, "विहिरीचं काही नाही लिहिलं." तू गुरुजींना विचारलंस, "अंगठा नाई देल्ला तं?" उत्तर मालकांनी दिलं. "तं मंग पोलिसात जाईन हे. अन् पोरगी शिकते ना तुही इथं? शिकू दे ना तिले." तू अंगठा पुढं केलास. शाई पुसायला कुणी काही दिलं नाही, तू लुगड्याला पुसलीस. तो डाग निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेचं पाणी गावातल्या विहिरीवरून यायला लागलं. नवी बाई एवढ्या लांबून घागरी वाहायची. शाळेची विहीर दहा पावलांवर असताना एवढी पायपीट का, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गडी मात्र त्या विहिरीवर औषध कालवत राहिले, वर्षानुवर्षं.

आणि तू त्याच वावरात निंदायला, वेचायला जायला लागलीस, दुसरं काम कुणी देईना. तुझ्या बोटांची सालं निघायची. भाकरी थापताना तू फुंकर घालायचीस. एकदा तू मातीचं ओलं ढेकूळ फोडून मला दाखवलंस. "पाह्य, गांडूळ नाई, किडा नाई. काईच वळवळत नाई आता ह्याच्यात. नांगरामागं बगळेबी येत नाई." आपल्या वस्तीचा पाणी भरायचा झिरा त्याच वावराच्या उताराखाली होता. त्याचं पाणी तू बंद केलंस आणि नदीच्या वरच्या अंगाला जाऊन घागर भरून आणायला लागलीस. बाया हसायच्या. काही तिथलंच पीत राहिल्या, कारण डोक्यावर घागर घेऊन तेवढं चालायला प्रत्येकीला जमत नव्हतं.

मी सातवी पास झाले तेव्हा मोठ्या गुरुजींनी मला शाईचा पेन दिला. मी नाचत घरी आणला. तू तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिलास. "काऊन देल्ला त्यानं?"

"पहिली आले म्हणून."

"हो," तू म्हणालीस. "म्हनूनच असन."

माझी नोकरी लागून दोन वर्षं झाली आणि तू गेलीस. अंग सुकत गेलं, हात कापायला लागले. डॉक्टरला नीट काही सांगता आलं नाही. त्या पाण्यानं, त्या मातीनं गेलीस असं मी म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला कुणाकडे जावं हेही तेव्हा कळलं नाही. मी फक्त एवढं केलं की ज्या ज्या शाळेत गेले तिथं सकाळी आधी पाणी हुंगून पाहिलं. बरोबरच्या बायांना ती माझी खोड वाटायची. मागच्या महिन्यात कुंपणापलीकडच्या वावरातला एक पोरगा शाळेच्या बोअरच्या नळावर पंप धूत होता. मी त्याला म्हटलं, "बाबा, इथं नको धुऊ." तो म्हणाला, "आजी, काई होत नाई, औषध हाये." आणि धूत राहिला. मी पुढं काही बोलले नाही. तू बोलली असतीस.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. वही मिटून लोखंडी कपाटात ठेवीन. माझ्या पोरांना मी तुझ्याबद्दल सगळं सांगितलं, मासोळ्यांचंही सांगितलं, कमिटीसमोर मी काय बोलले तेसुद्धा. फक्त एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. त्या दुपारी गाडी चिखलीकडे निघाली तशी तू मला शोधत आलीस, माझी हनुवटी धरून तोंड वर केलंस आणि विचारलंस, "तू पेली काय पानी?" मी म्हटलं, "नाही, तहानच नव्हती लागली." तू मला इतकं घट्ट धरलंस की तुझ्या बांगड्या माझ्या पाठीत रुतल्या. तुला वाटलं, दैवानं वाचवली. तसं नव्हतं, माय. तू रांजणापाशी उभी राहायला लागलीस त्या दिवसापासून मी शाळेत पाणी प्यायलेच नव्हते. वर्गातल्या पोरींच्या देखत तुझ्यापुढं ओंजळ धरायची मला लाज वाटायची. तहान तर रोज लागायची. मी घरी येईपर्यंत थांबायचे.