मोत्यातला माणूस

तीर्थस्वरूप मावशीस,

नमस्कार. पाठ सोडली तर मी ठीक आहे. तूही ठीकच असशील. हा अंदाज कशावरून केला ते पुढे येईल. पत्र घरी न पाठवता तुझ्या एक्स-रे विभागाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरी आलेलं प्रत्येक पाकीट आई उजेडासमोर धरून बघते आणि तुझा फोन स्पीकरवर लावल्याशिवाय तुझ्या हातात देत नाही. आधी नुसत्या घटना लिहिते, मतं नंतर.

१. आमच्या स्टुडिओच्या मालकांनी ठरवलं की दर्शनी भिंतीवर जगातली गाजलेली चित्रं लावायची, पण त्यातली माणसं आपली हवीत. आधी फोटो काढायचा, मग कॉम्प्युटरवर त्याचं चित्र करायचं.
२. माझ्या वाट्याला ती मागे वळून बघणारी मुलगी आली. डोक्याला निळं फडकं, कानात मोती.
३. मॉडेल व्हायला तू स्वतःहून तयार झालीस.
४. सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत फोटो काढले.
५. काल मी मोती मोठा करून पाहिला.
६. मोत्यात एक माणूस आहे.

आता मतं. पहिला संशय मला तिसऱ्या मुद्द्याचा यायला हवा होता. आपल्या घरातल्या एकाही लग्नाच्या अल्बममध्ये तू नाहीस (एका फोटोत कोपर आहे, ते तुझं असावं असं आई म्हणते). आणि अशी तू एकदम म्हणालीस, ‘तुझं अडतंय ना, मग मी बसते.’ माझं कधीच अडलेलं नव्हतं. मालकांनी लांब टेबलाभोवती जेवायला बसलेल्या तेरा जणांच्या चित्रासाठी स्वतःचे भाचे-पुतणे बसवले, आणि त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे चेहरे आपोआप जमले. त्या वर्तुळात हातपाय पसरून उभ्या असलेल्या माणसाच्या रेखाटनासाठी व्यायामशाळेतला मास्तर आला (त्याला जादा हात चिकटवताना आमच्या एडिटरने एक फारच जादा चिकटवला, मास्तर खूश आहे). माझ्यासाठीही कोणीतरी मिळालंच असतं. पण तू आलीस, आणि येण्याआधी फोनवर विचारलंस की तुमच्या खालची दुकानं सुट्टीच्या दिवशी उघडी असतात का. मला वाटलं, तुला चहा हवा असेल.

कानातला मोतीही तूच आणलास. आईच्या दुधाच्या पातेल्याच्या झाकणाची गोल स्टीलची मूठ, स्क्रू काढून, आकड्याला अडकवून. मला ती युक्ती आवडली, हे मान्य करते. पण स्टीलचा गोळा म्हणजे छोटा आरसा. मोती झाकतो, स्टील चुगली करतं. आणि ते कोणाच्या हाती लागलं, तर माझ्या. माझं रोजचं काम काय हे तू बायकांना ‘फोटोचं काहीतरी’ असं सांगतेस, म्हणून नीट लिहिते. भांड्यांच्या जाहिरातीत किटलीचा फोटो काढला की किटलीत फोटोग्राफर दिसतो. त्याला पुसायचं. किटलीतून माणसं काढणं हा माझा व्यवसाय आहे. चकचकीत वस्तू दिसली की मी आधी तिच्यात कोण आहे ते बघते. तुझ्या फोटोत मात्र ते काम शेवटी ठेवलं, कारण मोत्यात फार तर मीच असणार, असं मी गृहीत धरलं. मोठं करून पाहिलं तर तिवईमागे मी होतेच. माझ्या डाव्या अंगाला, दारात, आणखी एक जण होता.

साहजिकच मी शेजारच्या टेबलावरच्या एडिटरवर घसरले. त्याला आम्ही मांजर म्हणतो, कारण तो प्रत्येक ग्राहकाच्या फोटोत कुठेतरी मोहरीएवढं मांजर लपवून ठेवतो आणि आजवर पकडला गेलेला नाही. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, “मांजर असतं तर माझं. माणूस आहे, म्हणजे तुमच्या घरचं प्रकरण.” मी मूळ फाईल उघडली. माणूस तिथेही होता. म्हणजे कोणी चिकटवलेला नाही, खरोखर येऊन उभा राहिलेला. गोळ्यात सगळंच वाकडं दिसतं, त्यामुळे चेहऱ्यावरून ओळख पटेना. पण शर्टाच्या खिशातून काटकोनात वळलेली एक चकाकती पट्टी वर आली होती. तो गुण्या होता, सुतार कोपरा तपासायला वापरतात तो. खिशात गुण्या घालून हिंडणारा माणूस आमच्या इमारतीत एकच आहे: तळमजल्यावरचे फ्रेमवाले, ज्यांना सगळा स्टुडिओ काटकोन म्हणतो.

इथे मला तू गेल्या काही महिन्यांत त्यांच्याकडून करून आणलेल्या फ्रेमा आठवल्या. आजोबांचा फोटो ठीक. माझं पदवीचं प्रमाणपत्रही ठीक. पण गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान? शेगडीचं हमीपत्र? (आईने ते स्वयंपाकघरात लावलं आहे आणि पाहुण्यांना दाखवते.) तेव्हा मला वाटलं, मावशीला वयानुसार टापटिपीचा नाद लागला.

मग मी फोटोतली तुझी नजर तपासली. तुला आठवत असेल, बराच वेळ तुझा एकही फोटो जमत नव्हता. जन्मभर लोकांना ‘हलू नका, श्वास रोखा’ सांगितल्याचा परिणाम असेल. तू इतकी स्थिर बसलीस की चेहऱ्याऐवजी आतली हाडंच येतील असं वाटलं. मग एकच फोटो आला, जिवंत. ओठ किंचित उघडे, डोळ्यांत काहीतरी नुकतंच उजळलेलं. मालक म्हणाले, हाच. फक्त तुझी नजर लेन्सवर नव्हती, डावीकडे वीतभर सरकलेली होती. मी तेव्हा म्हटलंही होतं की कॅमेऱ्याकडे बघ. तू म्हणालीस, ‘बघतेच आहे.’ मी विश्वास ठेवला आणि एडिटिंगमध्ये तुझी बुबुळं सरकवून जागेवर आणली. माझीच चूक. बुबुळं दाराकडे होती आणि दारात कोण होतं ते आता मोत्याने सांगितलं.

खात्री म्हणून मी खाली जाऊन त्यांनाच विचारलं. ते एका पट्टीला पॉलिशकागद घासत होते. म्हणाले, “फ्रेमचं माप घ्यायला वर आलो होतो.” मी म्हटलं, माप चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्यांनी पट्टीवर फुंकर मारली. “चिठ्ठीवर लांबी-रुंदी होती,” म्हणाले, आणि पुन्हा घासायला लागले. सपाट चित्राला लांबी-रुंदीपलीकडे काय मोजायचं असतं, ते तुला माहीत असेल.

आता अडचण. चित्र दाराएवढं छापायचं आहे. त्या मापात मोत्यातला माणूस लिंबाएवढा होईल, गुण्यासकट. शनिवारी भिंत खुली होणार आणि आई पहिल्या रांगेत असणार. नवा चष्मा केला आहे तिने. ती आधी मूठ ओळखेल, मग मुठीतला माणूस.

म्हणून काल मी फ्रेमवाल्यांना मोत्यातून पुसून पाहिलं. काम निर्दोष झालं. दाराच्या जागी स्वच्छ उजेड आला, मांजरलासुद्धा जोड सापडला नाही. मग तुझ्याकडे पाहिलं. चेहरा तोच, ओठ तेच, पण बुबुळं लेन्सवर आणलेली असूनही तू रिकाम्या दाराकडेच बघत होतीस. मी ते मागे घेतलं. बुबुळंही मूळ जागी नेली. सध्या दोन्ही फाईली माझ्याकडे आहेत आणि मी कुठल्याही बाजूची नाही, हे लक्षात ठेव.

तब्येतीला जप. मान इतकी वळवायची सवय नसताना एकदम वळवली की धरते.

तुझी भाची

ता. क. झाकणाची मूठ आई अजून शोधते आहे. तिला भांडीवाल्याचा संशय आहे. मी काही बोललेले नाही.

ता. क. दुसरा. निर्णय तुझा. फोनवर नुसतं ‘ठेव’ किंवा ‘काढ’ म्हण. आईला वाटेल, कुकरबद्दल बोलतोय.

ता. क. तिसरा. मला पुढचं चित्र मिळालं आहे: घरासमोर शेजारी शेजारी उभी असलेली दोन वयस्क माणसं, त्याच्या हातात दाताळं, दोघांच्या चेहऱ्यावर संशय. जोडीतल्या पुरुषासाठी मी खाली विचारलं. फ्रेमवाले एकटे राहतात, दुकान त्यांचं स्वतःचं, वर कोणी साहेब नाही. तरी म्हणाले, “विचारून सांगतो.” कोणाला, ते बोलले नाहीत. ठेव-काढचं आणि त्यांचं, दोन्ही उत्तरं मला गुरुवारपर्यंत कळव.