चाळिसाव्यानंतर सांगितलेली बातमी

प्रिय बख्तावर खाला,

डँडेनाँगचं घर सोडून तू शेपर्टनला लेकीकडे जाऊन बसलीस, हे मला शेजारणीकडून कळावं? फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. लेकीकडून वाचून घे, आणि मध्येच उठून चहा ठेवायला जाऊ नकोस.

आईला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसाव्याचा हलवा वाटून झाला, मी पातेलं घासत होते, आणि तुझी सून नसीमा म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही. तुझा संरक्षणाचा व्हिसा नाकारलाय." मला वाटलं, आजचीच बातमी. "कधी?" विचारलं, तर म्हणाली, "तुझी आई गेली त्याच आठवड्यात." अपिलाची मुदतसुद्धा उलटून गेली होती!

तू वाईट हेतूनं केलं नाहीस, हेच तर अवघड आहे. सांत्वनाचे फोन ऐकवत नव्हते, म्हणून मीच माझा फोन तुझ्या हवाली केला होता. नकाराची ईमेल वाचून नसीमा घाबरली, तेव्हा तू तिला दटावलंस म्हणे, "गप! मयताच्या घरात दुसरी वाईट बातमी नेतात का? चाळिसावा होऊ दे." गावी, जागोरीत, माझ्या आईनंही हेच केलं असतं. पण इथलं सरकार कुणाचा चाळिसावा पाळतं, सांग बरं?

वकीलबाई कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "मायेपोटी लपवलं? हे न्यायाधीशांच्या गळी उतरवायचं कसं?" तरी कोर्टाकडे मुदत वाढवून मागू म्हणतात. नाही मिळाली तर मला परत पाठवतील. ज्यांनी माझ्या भावाला भर रस्त्यातून उचलून नेलं, त्यांच्याच तावडीत.

येत्या मंगळवारी तुझी साक्ष लिहून घ्यायची आहे. नसीमा सांगत होती, तू म्हणणार आहेस, "म्हातारी बाई मी, विसरून गेले." चारचौघांत मान खाली जायला नको, म्हणून ना? वकीलबाई म्हणतात, विसरलात म्हटलं की कोर्ट हळहळेल, पण मुदत द्यायचं नाही; मला बातमी मुद्दाम कळू दिली नाही, हे पटलं तरच काही आशा आहे. खरं सांगितलं म्हणून तुझं नागरिकत्व जात नाही, मी दोनदा विचारून घेतलंय. गाडी पकड आणि ये. शपथ घे आणि केलंस तेच सांग. 'विसरले' म्हणू नकोस, खाला. 'लपवलं' म्हण.

तुझीच,
मरजिया