तुझ्या किल्लीचं कुलूप

प्रिय बाबा,

तुला 'तू'च म्हणतेय. चार वर्षांची असताना म्हणायचे, आणि त्यानंतर आपलं बोलणंच झालं नाही. आता सतराची आहे. नाक तुझ्यावर गेलंय. आई तसं म्हणत नाही, पण कधीकधी माझ्याकडे बघता बघता एकदम मान वळवते, त्यावरून मी ओळखलं.

पेपरातली नोटीस वाचलीस का? मुलीला दत्तक द्यायला तिच्या वडिलांची हरकत असेल तर कळवावं, अशी वकीलबाईंनी दोनदा दिली होती. कुणी काही कळवलं नाही. आता उद्या सकाळी जजसाहेब मला एकटीला आत बोलावून विचारणार, काकांची मुलगी व्हायचंय का. माझ्या हो-नाहीवर सगळं अडलंय. आई विचारत नाही, नुसता तोच ओटा पुन्हा पुन्हा पुसते. काका तर विषयच काढत नाहीत.

काका म्हणजे तुझी वाट बघून थकल्यावर, कोर्टातून मोकळी होऊन, आईनं केलेला नवरा. त्यांचं कुलपांचं दुकान आहे. गल्लीतल्या झाडून सगळ्या दारांची कुलपं त्यांनी बदलली, आमचं सोडून. आमच्या दाराला अजून तुझ्याच वेळचं लॅच आहे, कारण त्याची एक किल्ली तुझ्याबरोबर, तुझ्या खिशातून गेली. लग्नाआधी आईनं एवढी एकच अट घातली होती. लोक हसतात, कुलूपवाल्याच्या घराला हे खुळखुळं! काका म्हणतात, हसू देत. अधूनमधून ते लॅच खोलून साफ करतात, आतल्या झिजलेल्या पिना बदलतात, त्याही जुन्याच मापाच्या, म्हणजे तू आलास तर तुझी किल्ली अडायला नको.

पण त्या लॅचनं आमचा जीव खाल्लाय रे. वारा सुटला की खट् वाजतं, अगदी कुणी किल्ली फिरवल्यासारखं. तिघांचे घास हातातच राहतात. काका वारा आहे म्हणतात, आणि तरी उठून दार उघडतात, जिन्यात खाली बघतात, वर बघतात. दर वेळी! ज्या माणसानं तू येऊ नयेस म्हणून देव पाण्यात ठेवायला हवेत, तोच तुला शोधतो. आणि मला भीती वाटते, तू असशील याची आणि नसशील याचीही. तू वारलास असं कुणी सांगितलं असतं तर रडून मोकळे झालो असतो. पण ड्रायव्हरची ड्युटी संपवून तू डेपोत बस लावलीस, सही केलीस आणि चालत गेटाबाहेर पडलास, एवढंच. मेलेली माणसं निदान भिंतीवरच्या फोटोत तरी बसतात. तू घरभर असतोस.

तुझ्या गोष्टी मात्र मला ढीगभर येतात. थांबा नसला तरी म्हाताऱ्यांसाठी बस उभी करायचास. शिट्टी वाजवायला गेलास की नुसती हवा. मला मांडीवर घेऊन, स्टिअरिंग धरायला लावून रिकाम्या बसमध्ये ओरडायचास, चला, पुढे सरका! आईनं तेरा वर्षांत तुझं नाव घेतलं नाही. हे सगळं काकांनी आणलंय. डेपोची कुलपं दुरुस्त करायला गेले की तुझ्या जुन्या कंडक्टरला गाठायचे, खोदून खोदून विचारायचे, आणि मग मला गणितं शिकवताना मध्येच सांगायचे. त्यांनी तुला कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

आज दुपारी म्हटलं, उद्याच्या आधी तुझा निरोप घ्यावा. डोळे मिटून बसले आणि तुझी हाक आठवली, ठमे! आवाज काकांचा. मग ते बसमधलं ओरडणं आठवून बघितलं. तेही काकांच्याच आवाजात. माझ्याकडे तुझा स्वतःचा एकही शब्द नाही, बाबा. ढसाढसा रडले. तुझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कुणास ठाऊक. म्हणून पत्ता नसताना हे लिहितेय. परवानगी मागत नाहीये, सांगतेय. उद्या मी हो म्हणणार आहे. तू कधी आलास तर ये, बस, तुला कुणी हाकलणार नाही. फक्त मी 'बाबा' अशी हाक मारली, तर तू ओ देऊ नकोस.

उद्या सकाळपर्यंत तुझीच,
ठमी