अडतीस यंत्रं

प्रिय मास्तर,

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हाताने लिहितेय, दोन दिवस लागलेत. तू गेल्यापासून वर्कशॉपमध्ये एकच माप तीन-तीनदा कुणी घेत नाही आणि मला टिंगल करायलाही कुणी उरलेलं नाही.

आपलं पायाने चालवायचं चारा कापायचं यंत्र लोकांनी अगदी डोक्यावर घेतलं. दोन गाई असलेल्या घरालाही परवडावं म्हणून मी पात्यांपुढचं पत्र्याचं झाकण काढून टाकलं, त्यावरून आपण भांडलो आणि तू पिशवी उचलून निघालास. मी जिंकले असंच मला वाटत होतं.

गेल्या महिन्यात एका गवळ्याच्या बायकोची बाही चारा आत ओढणाऱ्या रोलरमध्ये अडकली. तिने पाय काढला, पण चाक वेगात होतं, ते फिरतच राहिलं. हात मनगटाच्या वरपर्यंत पात्यांत गेला. शेजारी पान्याने नट सोडवत होते तोवर ती शुद्धीवर होती. मी पोचले तेव्हा रक्ताने माखलेला चारा तसाच पडला होता आणि गाय त्याला तोंड लावत नव्हती. मी बाहेर जाऊन ओकले. परत आत आले, रोलर पुसले आणि गवळ्याला म्हणाले की बाई बेसावध होत्या.

मागच्या सोमवारी भर दुपारी तो गवळी वर्कशॉपमध्ये आला. पोरं जेवायला गेली होती. त्याने दार लावलं, केस धरून मला ऐरणीपाशी फरफटत नेलं, उजवा हात तिच्यावर दाबला आणि आपल्याच घणाने तीन घाव घातले. दुसऱ्या घावाला हाडं मोडल्याचं मी ऐकलं. तो रडत होता. "आता बनव," एवढंच म्हणाला आणि घण जागेवर ठेवून गेला.

पोलिसांना मी सांगितलं, घण निसटला. हवालदाराने माझ्या बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं.

तुझी माफी मी समोर मागेन, त्यासाठी हे पत्र नाही. तसली आणखी अडतीस यंत्रं लोकांच्या गोठ्यांत आहेत. वापरू नका म्हणून सगळीकडे निरोप धाडले, पण जनावरं उपाशी ठेवून यंत्र कोण बंद ठेवणार? झाकणाचं ड्रॉइंग मी रागाच्या भरात फाडलं होतं, पोरांना त्याच्याशिवाय झाकण जमत नाहीये. तुला तोंडपाठ असेल. मिळेल त्या गाडीने ये. सुरुवात नदीपलीकडच्या म्हातारीपासून कर. तिला आता फारसं दिसत नाही, ती हाताने चाचपून चारा आत सरकवते.

तुझीच,
हट्टी