ठमाचं आवतण

२ एप्रिल १९५८, बुधवार

मुलगा पाहून आले. टिटवाळ्याचा. नाव रघु. मोहने गावच्या कारखान्यात लागलाय, बोलतो कमी, नजर खाली. शालूला पसंत. मला घर पसंत नाही.

म्हणजे घर ठीक, विहीर ठीक नाही. परसातल्या विहिरीचा कठडा हाताने दाबून पाहिला – पडला! सगळी मंडळी चहाच्या बशा हातात धरून बघत राहिली. मी म्हटलं, लग्नाआधी कमरेइतका बांधून घ्या. मुलाची आई म्हणाली, "आमच्या पाच पोरी याच विहिरीवर मोठ्या झाल्या." मी म्हटलं, "तुमच्या झाल्या. ही माझी आहे."

ठाण्याला उतरून कोपरीकडे चालायला लागलो. शालू म्हणाली, "आये, तू ना अगदी ही आहेस!" ही म्हणजे काय, ते सांगितलं नाही. पण हात धरून चालली. माझा हात लोखंडाचा, उन्हात तापतो, म्हणून पदर गुंडाळून धरते. सतरा वर्षांची झाली तरी तसंच धरते.

५ एप्रिल, शनिवार

होकार आला. कठडा बांधतायत म्हणे. चांगलंय.

७ एप्रिल, सोमवार

हळद एकोणतीसला, लग्न तीसला. शेजारची हौसाबाई सकाळपासून ठाण मांडून होती. काय काय आणायचं, कुणाकुणाला सांगायचं, तिला सगळं तोंडपाठ. मी लिहून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "आणि मेलेल्यांची नावं काढून ठेव गं. धवलारीण विचारणार."

ते मी विसरले नव्हते. कशी विसरेन? पण वाटत होतं, हौसाबाई विसरेल.

आमच्या आळीची रीत अशी. हळद लागण्याआधी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, आधी देवांना आवतण, मग घरातल्या मेलेल्यांना. एकेकाचं नाव घेते. ते माणूस कसं गेलं, ते घरच्याने भर मांडवात मोठ्याने सांगायचं. कुणाच्या चुकीने गेलं असेल, तर ज्याची चूक त्याने उभं राहून कबूल करायचं. नाहीतर मेलेलं माणूस लग्नाला येत नाही, म्हणतात. येतात की नाही, मला माहीत नाही. पण शालूची आई तिच्या लग्नाला यायला नको, असं मी कशी म्हणू?

घरची म्हणून मीच उभी राहणार. दुसरं आहे कोण!

८ एप्रिल, मंगळवार

कधी लिहिलं नाही. आज लिहिते. वही शालूच्या सातवीतली आहे, मागची पानं कोरी आहेत. अक्षरंही मला तिनेच शिकवली.

लढाई संपली, कल्याणची छावणी मोडली, आणि मिठागराच्या शेटने मला तिथून आणलं. सेहेचाळीस साल. काम एकच – उघाडी. बांधातलं मोठं लाकडी दार. ते उचललं की भरतीचं पाणी खाडीतून आगरात येतं. चार गडी लागायचे, मी एका हाताने उचलायचे. आणि हुकूम एकच. घंटा वाजली की दार वर. आतल्या चरात गाळ काढणारी माणसं वर आली, की मुकादम घंटा देणार. दगडू मुकादम. पक्का माणूस.

त्या दिवशी शालूची आई ठमा चरात होती, दाराच्या अगदी तोंडाशी. घंटा वाजली. मी दाराला हात घातला. ती ओरडली, "थांब! थांब गं बाय!"

मी ऐकलं. माझे कान चांगले आहेत. पण बाईच्या 'थांब'चा हुकूम मला कुणी दिला नव्हता. दार वर गेलं.

तिचा नवरा दोन वर्षं आधीच गोदीच्या स्फोटात गेला होता. पोर पाच वर्षांची. शेटने मला उघाडीवरून काढून बांधावर उभं करून ठेवलं. पोर दोन दिवस माझ्या पायाशी बसून राहिली. तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. तिसऱ्या दिवशी तिला उचललं आणि कोपरीत आले. कुणी अडवलं नाही. मला अडवणार कोण!

९ एप्रिल, बुधवार

कालचं अर्धंच लिहिलं.

मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते – यंत्र आहेस, हुकमाची ताबेदार, तुझा काय दोष? मग एकोणपन्नास साली शालू चुलीशी खेळत होती. तापलेला तवा कलंडला. माझा हात मध्ये गेला. कुणी सांगितलं नव्हतं. घंटा नव्हती, हुकूम नव्हता. हात आपला गेला.

म्हणजे त्या दिवशीही थांबला असता. मी थांबवला नाही.

त्यानंतर तिला खाडीवर जाऊ दिलं नाही. होडीत बसू दिलं नाही. शाळेत पोरींनी "लोखंडीची पोर" म्हटलं, तर शाळेच्या दारात आठवडाभर उभी राहिले. नुसती उभी. मास्तर घाबरले, पोरी गप्प झाल्या, आणि शालू माझ्यावरच चिडली. चिडू दे.

१२ एप्रिल, शनिवार

दगडू मुकादम आले होते.

बारा वर्षांत पहिल्यांदा. पार वाकलेत. ओट्यावर टेकले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. त्या दिवसानंतर आळीने त्यांना टाकलं. चौकशीला साहेब आला होता, त्याने मला एवढंच विचारलं – घंटा वाजली का? वाजली, म्हटलं. घंटा देणारे मुकादमच. झालं! ते ओरडून सांगत होते, मी झोपडीत पानी पीत होतो, घंटा मी दिली नाय. कुणी मानलं नाही. कुणाच्या मांडवात त्यांना बोलावत नाहीत. त्यांची पोरंही दूर राहतात.

म्हणाले, "लोखंडीबाय, मना कायपन नको. मांडवात एकदा सांग का घंटा दगडूनं दिली नाय. लोक तुझा ऐकतील. तुना खोटा बोलता येत नाय, अख्ख्या आळीला ठावं हाय."

खरं आहे ते. खोटं बोलायला गेले की माझी मान अडकते आणि कटकट वाजायला लागते. शालूची पहिली भाकरी कोळसा झाली होती. कशी झाली विचारलं, तर अर्धा तास मान अडकून बसले होते. सगळी आळी हसली. मला गप्प तेवढं राहता येतं.

आजही गप्प राहिले. ते म्हणाले, "मेल्यावं माझा नाव तरी कोनी आवतनात घेवं, एवढाच." काठी टेकत गेले.

बारा वर्षं मी या माणसाच्या जिवावर गप्प बसलेय. असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी शालू माझ्या पाठीला चावी देत होती. रोज चाळीस वेढे देते. मधेच थांबली. म्हणाली, "आये, मी गेल्यावर तुला चावी कोण देईल?" हौसाबाई देईल, म्हटलं. "ती मोजायला चुकते!" म्हणाली आणि हसली.

मग आपल्याच नादात म्हणते, "मला ना लहानपणची एक दोरी आठवते. लोंबती. मी उड्या मारतेय आणि हाताला लागत नाहीये. कसली गं दोरी?"

मी म्हटलं, चावी दे, उशीर होतोय.

१९ एप्रिल, शनिवार

अमावास्या. उधाणाची भरती. खाडीकडची खिडकी लावून घेतली. उकाडा होता, शालूने दोनदा उघडली, मी दोनदा लावली.

२० एप्रिल, रविवार

दगडू मुकादमांच्या झोपडीवर गेले. बांधाच्या कडेला राहतात. टोपली विणत बसले होते. उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगवलं नसतं.

घंटा शालूने वाजवली.

लिहिलं. दौत दोनदा सांडली.

मी उघाडीवर उंच उभी होते, मला एकटीला दिसलं. दर वेळी घंटा झाली की आई चरातून वर आलेली तिला दिसायची. चिखलाचे पाय, हसरं तोंड. त्या दिवशी भूक लागली असेल. तिला वाटलं असेल, घंटा वाजवली की आई येते. उड्या मारमारून दोरी धरली. चौथ्या उडीला हाताला लागली.

मुकादमांचा विणता हात थांबला. हातातली बांबूची पात तशीच. मग म्हणाले, "येवढीशी होती ती." पात खाली ठेवून म्हणाले, "बारा वर्सां झाली. मना वाटाया लागला व्हता का मीच दिली असन घंटा, नि इसरलो असन. आजपर्यंत वाटत व्हता."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकली की नाही, कळलं नाही.

"पोरीला ठावं हाय?"

"नाही."

"मंग मांडवात काय सांगशील?"

"माहीत नाही."

"जा तू," म्हणाले. रागाने नाही. निघताना मी त्यांना हळदीचं आवतण दिलं. मी देऊ शकते. घरची आहे मी.

२३ एप्रिल, बुधवार

शालूला माझा अर्धा भाग सांगितला. दुसऱ्या कुणाकडून, तेही मांडवात, ऐकायला नको. दार मी उघडलं. तुझी आई 'थांब' म्हणाली. मी ऐकलं. तरी उघडलं.

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. सूप संपलं तरी हात फिरत होता. मग विचारलं, "घंटा कुणी दिली?" तीच म्हणाली, "दगडू मुकादमानेच ना? सगळे म्हणतात." मी गप्प.

"त्यांना कशाला आवतण दिलंस मग?" म्हणाली आणि हौसाबाईकडे झोपायला गेली.

२५ एप्रिल, शुक्रवार

शालू बोलत नाही. चावी मात्र देऊन जाते. चाळीस. एक कमी नाही, जास्त नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आज संध्याकाळी आली. माझ्या गुडघ्यांना शिलाईयंत्राचं तेल घातलं, खाऱ्या वाऱ्याने गंजतात ते. तेल घालता घालता म्हणाली, "मी आठवून पाहिलं. मला तुझंच तोंड आठवतं. आईचं आठवतच नाही." आणि रडली. खूप रडली. मला रडता येत नाही, त्याचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मग डोळे पुसून म्हणाली, "तुझ्यावरचा राग जाईल बहुतेक. त्या माणसावरचा नाही जाणार."

२८ एप्रिल, सोमवार

मांडव उभा राहिला. धवलारीण रंगूबाई नावं विचारून गेली. ती म्हातारी कसून विचारते, एकाही मेलेल्याला अर्धवट सोडत नाही. घंटेचं विचारणार. नक्की विचारणार.

शालूचं नाव तोंडातून निघालं, तर ती पोर जन्मभर ती दोरी हातात घेऊन फिरेल. गप्प राहिले, तर मुकादमांना कायमचं गाडलं. खोटं मला जमत नाही, तेही सगळ्यांना कळतं. दिवसभर हाच हिशेब करतेय. सुटत नाही. मोठमोठी दारं उचलली मी, हे उचलत नाही.

रघुच्या घरून निरोप – कठडा झाला, कमरेच्या वर दोन विटा.

२९ एप्रिल, मंगळवार

हळद लागली.

रंगूबाईने ठमाचं नाव घेतलं. मी उभी राहिले, माझं सगळं सांगितलं. तिने विचारलं, "नि घंटा कोनी दिली?" "माहीत नाही" म्हणायला गेले आणि माझी मान अडकली. कटकट, कटकट. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय, शालू बघतेय.

मागून दगडू मुकादम काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "तिला काय इचारता! मी दिली. बारा वर्सां खोटा बोललो."

शालू पाटावरून उठली. वाटीतल्या हळदीत बोट बुडवून तिने ते त्यांच्या कपाळाला लावलं. "मुकादमकाका, आजच्या दिवशी मी तुम्हाला माफ केलं," म्हणाली.

ते मान खाली घालून म्हणाले, "बरा, बाय."