दादांच्या अंघोळीचं पाणी

११ नोव्हेंबर, मंगळवार

दादांचं धोतर पेटलं. काल सेकंड शिफ्ट, त्यामुळे मी अजून अंथरुणातच. संगीताच्या ओरडण्याने उठलो. मागच्या अंगणात पोहोचेपर्यंत तिने बादली ओतलीही होती. दादा बंबापाशी पाटावर तसेच बसलेले, चिंब, डाव्या हातात अजून काटकी. लकवा झाल्यापासून उजवी बाजू त्यांची राहिलेली नाही. धोतराचा सोगा विस्तवात गेला ते कळलंच नाही. उजवी पोटरी भाजली.

"दुकत न्हाई," म्हणाले. त्या पायाला दुखणार तरी कसं.

पिरंगुटला दवाखान्यात नेलं, ड्रेसिंग केलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांना विस्तवापाशी बसवतं कोण?"

बसवतं कोण! आम्ही उठायच्या आत बंब धडधडत असतो. पाणी तापलं की काठीने दार वाजवतात, "उटा, पानी निवतंय." सगळ्या घराचं पाणी तेच तापवतात. दुसरं काही आता हातून होत नाही.

रजा टाकली.

१२ नोव्हेंबर, बुध.

संगीताने बंब रिकामा केला, राख काढली, मी तो माळ्यावर चढवला. दादा ओसरीवरून बघत होते.

पाणी गॅसवर पातेल्यात तापवलं. मोरीत नेईपर्यंत कोमट. संगीताच्या बोटांना पातेलं धरवत नाही. संधिवात. थंडीत बोटं मिटतच नाहीत, तरी सकाळी गार पाण्यात भांडी, मग मेसमध्ये पोळ्या, घरी आली की परत गार पाण्यात भांडी. दुसरी खेप मी नेली.

गीझर घ्यायचा. दोघांचं एकमत, बऱ्याच दिवसांनी.

"एकच घेऊ," ती म्हणाली, "पण त्याचं पाणी माझ्या भांड्यांच्या नळाला पण आलं पाहिजे. नुसतं मोरीपुरतं नको."

तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं शेवटचं कधी ते आठवेना.

१६ नोव्हेंबर, रवि.

दुकानातला पोरगा सर, सर करत होता. विजेवरचा मोठा टाकीवाला चांगला, म्हणे. आमच्या वस्तीत गिरणी चालू झाली की बल्ब लाल होतात. आणि घरातली वायर जुनी, सगळी बदलावी लागेल, म्हणजे गीझरपेक्षा वायर महाग. सोलर? आमचा पत्रा, त्यावर ती टाकी चढवायची कशी? आणि मुळशीत पाऊस सुरू झाला की सूर्य दिसायची पंचाईत. हीटरची कांडी नकोच. दादा पाण्यात हात घालून बघतात तापलंय का.

उरला गॅसचा. त्यातल्या त्यात स्वस्त, दोन नळांना पाणी देतो, वीज लागत नाही, सेलवर पेटतो. सांगून आलो, घेतो म्हणून.

दादांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बंब कुटं ठिवला?"

"माळ्यावर."

"चिंचंनं घासून ठिवला का? न्हाईतर हिरवा पडंल."

१९ नोव्हें.

पौडवरून जावेदभाई आले, प्लंबर. दोन खोल्या आणि मागची मोरी, बघायला लागतो कितीसा वेळ. गीझर मोरीतच टांगू म्हणाले. पाइप कमी लागतो. मोरीला खिडकी नाही, नुसता दाराखालून वारा. मी विचारलं, चालेल का? "सगळे आतच लावतात, भाऊ. काही होत नाही."

ही मोरी दादांनीच बांधलेली, गवंडी होते तेव्हा. खिडकी मुद्दाम ठेवली नाही, वाऱ्याने पाणी निवतं म्हणून. त्यांच्या डोक्यात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पाणी निवणं.

रविवारी बसवायचं ठरलं.

२२ नोव्हें., शनि.

बावधनहून मनीषाचा फोन. संगीताची धाकटी बहीण. रडत होती, आधी काही कळेना. तिची मुलगी ऋतुजा अंघोळीला गेली ती बाहेरच येईना. हाका मारून थकले. शेवटी शेजाऱ्याने दार तोडलं. पोरगी फरशीवर पडलेली, वरून गरम पाणी चालूच. त्यांचा पण गॅसचाच. झरोका होता, थंडी वाजते म्हणून मनीषानेच त्याला पुठ्ठा लावलेला. जळलेला वायू आतच कोंडला.

शुद्धीवर आहे. ऑक्सिजन लावलाय. उलट्या होतायत.

संगीता लगेच गेली. मी दादांपाशी.

२३ नोव्हें., रवि.

जावेदभाईंना सकाळीच नको म्हणून सांगितलं. दुपारी बावधनला जाऊन आलो. ऋतुजा बोलली. "काका, काही वास पण आला नाही. डोकं जड झालं, म्हटलं थोडं बसू." दहावीचं वर्ष. हात हातात घेतला तर सोडेना.

मनीषा तेच तेच म्हणते, "पुठ्ठा मीच लावला हो भाऊजी." मी आमच्या मोरीत तसलाच गीझर आज टांगणार होतो. हे तिला सांगितलं नाही.

येताना चांदणी चौकात समोर आलेली बस जाऊ दिली. पुढच्या बसने आलो.

२७ नोव्हें.

ऋतुजा घरी आली. डोकं दुखतं अजून.

आमचं पातेलं चालू. दादांना मी अंघोळ घालतो. आधी स्वतः करायचे, डाव्या हाताने, पाटावर बसून, दार लावून. आता पाणी माझ्या हातातून येतं म्हणून मी आत असतो. डोळे मिटून बसतात. पाठ चोळताना आज म्हणाले, "हळू. भांडं न्हाई मी."

मला हसू आलं. त्यांना नाही.

२ डिसेंबर

जावेदभाई म्हणतात, बाहेर लावला तर वाऱ्याने विझणार. शिवाय पाण्याची टाकी खाली आहे, एवढ्या दाबावर पेटणारच नाही. मग टाकी वर घ्या म्हटलं. त्याला लोखंडी स्टँड लागेल. वेल्डर बघतो म्हणाले. बघतायत.

तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन वेगळ्या कंपन्या सांगितल्या. कंपनीत एकजण म्हणाला, "एवढा विचार मी लग्नाला केला नव्हता." मला झोप पुरत नाही. सेकंड शिफ्ट करून यायचं, सकाळी उठून पाणी तापवायचं. संगीता बोटांमुळे मेसमध्ये पोळ्या कमी लाटते, हे तिथल्या बाईने सांगितलं.

९ डिसेंबर, मंगळ.

स्टँड आला. टाकी वर गेली. गीझर मागच्या भिंतीला, बाहेरून, वर पत्र्याची टोपी. एक पाइप मोरीत, एक संगीताच्या नळाला.

मोरीच्या भिंतीला भोक पाडताना दादा खुर्ची घेऊन समोर बसले. ड्रिल थांबलं तसे म्हणाले, "भोक मी बुजवतो. थापी दे."

दिली. द्यायला नको होती की काय, कळत नाही. डाव्या हाताने सिमेंटचा माल मारायचे तो खाली पडायचा. परत मारायचे, परत पडायचा. जावेदभाई घड्याळ बघत उभे. मी म्हटलं, दादा चहा घेऊन या. ते आत गेले तेवढ्यात जावेदभाईंनी दोन हात मारून भिंत सारखी केली.

दादा कप घेऊन दारात उभे होते. सगळं पाहिलं.

१० डिसेंबर

नळ सोडला, बाहेर निळा जाळ फुरकन पेटला, पाणी कढत. दोन्ही नळांना. खरंच आलं.

संगीता भांडी घासायचं सोडून नुसती नळाखाली हात धरून उभी. किती वेळ. मी हाक मारली तर म्हणाली, "थांबा ना जरा."

दादांना गीझरची काच दाखवली, आतला जाळ दिसतो ती. वाकून पाहिलं. "ह्याला काय घालावं लागत न्हाई?"

"नाही दादा. आपोआप."

"मंग बरं हाय," म्हणाले आणि आत गेले.

१४ डिसें., रवि.

मोरीत आता मी थांबायची गरज नाही. दादा दार लावून स्वतः अंघोळ करतात. पोटरीची जखम भरली. मनीषाकडे पण गीझर बाहेर काढून बसवला, आपला बघून. ऋतुजा शाळेत जायला लागली.

सगळं मार्गी लागलं, असं म्हणायला हरकत नाही.

१९ डिसें.

दादा उशिरा उठतात. काल तर ऊन अंगणात आल्यावर. मी म्हटलं, बरं वाटत नाही का? "बटन फिरवलं का पानी येतंय. मंग मी कशाला उटू?"

रागाने नाही बोलले. पाऊस येईल का असं विचारलं असतं तर ज्या आवाजात सांगितलं असतं, त्याच आवाजात.

२३ डिसें.

अंघोळ दिवसाआड. जेवण निम्मं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त, बीपी, सगळं ठीक. "वयाप्रमाणे चालायचंच." थंडी जबरदस्त, सकाळी धुक्यात समोरची डोंगररांग दिसत नाही. दादा गोधडीत. जागे असतात. डोळे उघडे असतात.

२६ डिसें., शुक्र.

संगीताशी भांडण. भांडण म्हणजे, आवाज चढला एवढंच.

ती म्हणाली, "बंब काढा खाली. मी बसते त्यांच्यापाशी."

"तू सातला मेसमध्ये असतेस. मी एका आठवड्याला सकाळी घरी, एका आठवड्याला नाही. मग कोण बसणार?"

"मग काय असंच बघत राहायचं?"

"परत पेटले तर?"

तिची बोटं सुधारलीयत. आज कणीक मळताना पाहिलं, मूठ पूर्ण मिटत होती. हे पण खरं, आणि आत गोधडीत पडलंय ते पण खरं. दोन्ही एकाच गीझरमधून आलं.

दादांना भाजी निवडायला दिली होती दुपारी. मेथीची जुडी तशीच मांडीवर.

२८ डिसें., रवि.

चांदे गावाहून तारा आत्या आली, दादांची धाकटी बहीण. हिंजवडीच्या बिल्डिंगा दारापर्यंत आल्या तरी तिच्या घरी अजून चूलच. दादा उठून बसले. दोघं ओसरीवर खूप वेळ बोलत होते, कधीकाळी मेलेल्या माणसांबद्दल. दोनदा हसलेले ऐकू आले. आत्या जाताना म्हणाली, "ये की रं माझ्याकडं चार दिस. लाकडं लई पडल्यात."

लाकडं म्हटल्यावर मी संगीताकडे बघितलं. तिने पण माझ्याकडे.

३० डिसें., मंगळ.

दादा आज अंधारात उठले. संगीताच्या आधी. अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून ओसरीवर बसले. "मला ताराकडं सोड. चांद्याला."

"किती दिवस?"

"बगू."

"दादा, तिथं चुलीपाशी बसायचं नाही. तेवढं कबूल करा."

दादांनी काठी हातात घेतली. मग म्हणाले, "तू मला सोडाया येनार हायेस का न्हाई, तेवडं सांग."

येणार म्हटलं.

संगीताने पिशवी भरली. तिने धोतरं काढून ठेवली आणि पिशवीत माझ्या दोन जुन्या पँट ठेवल्या, खालून आखूड करून. मला न विचारता. दादांना न सांगता.

आत्याला फोन करून धोतर पेटल्याचं सगळं सांगावं की नाही. सांगितलं तर ती त्यांना चुलीजवळ फिरकू देणार नाही, मग तिकडे पण गोधडीच. नाही सांगितलं तर... संगीताला विचारलं. "तुम्ही मुलगा आहात," म्हणाली, आणि पिशवीची चेन लावली.

फोन हातात घेऊन बसलोय. रिक्षावाला उद्या सकाळी येतो म्हणाला.