आजोबांच्या पावलाची सुतळी

राहुरी, ता. ११ नोव्हेंबर २०२४

ती. आजोबांना आराधनाचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. पावसाळ्यात घसरून पडल्यापासून तुम्ही ओट्याखाली उतरला नाहीत, तेव्हा नाताळात आजीच्या बागेवर सिमेंटचा कोबा टाकायचा, असं पप्पांनी ठरवलंय. तुम्ही हरकतही घेतली नाहीत म्हणे. आजोबा, पारिजातकाची फुलं मग कोब्यावर पडणार?

आम्हाला कॉलेजात बागेतल्या वाटा करायला शिकवतात. वीतभर खणायचं, मुरूम पसरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा, वर वाळू, मग फरशी. माझी पहिली वाट परवा पुरी झाली. उतरत्या उन्हात ती इतकी छान दिसत होती की मी नुसती बघत बसले. तेवढ्यात बागेला पाणी घालणाऱ्या दगडाबाई पाटी घेऊन तिच्यावरून निघाल्या आणि दुसऱ्याच फरशीवर थांबल्या. म्हणाल्या, "बाई, ही वाट हाय का उड्या मारायचा खेळ?" मी फरश्या माझ्या लांब टांगांच्या मापाने लावल्या होत्या. सगळ्या उपटून त्यांच्या पावलाने पुन्हा लावल्या.

मला ओट्यापासून पारिजातकापर्यंत वाट करायची आहे. तुमच्या पावलाचं माप सुतळीवर पाठवा, आणि पप्पांना तेवढं थोपवून धरा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
आराधना

खर्डा, ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. आराधनास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून आणि एकदा डोळे मिटून. तुझ्या बापाने, एडविनने, सिमेंटच्या गोण्या आणूनही ठेवल्यात. बराच वाद झाला. शेवटी ठरलं की नाताळच्या सकाळी मी तुझ्या वाटेने एकटा पारिजातकापर्यंत गेलो तर बाग राहील, नाहीतर कोबा.

सोबत सुतळी आहे. कवायतीच्या मास्तरचं पाऊल आहे, जपून वापर.

तुझा वाट पाहणारा आजोबा,
गिदोन

राहुरी, ता. २७ नोव्हेंबर २०२४

ती. आजोबांना सप्रेम सलाम. वि. वि.

सुतळी अडीच फूट भरली. माझ्याही पावलापेक्षा मोठी! दगडाबाईंना दाखवली, तर त्यांनी तुम्ही लष्करात होता का, असं विचारलं. आजोबा, हे शाळेच्या मैदानावरचं पाऊल आहे. तुम्हाला निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली.

मी वीस तारखेला येते. तुम्ही पाय ओले करून ओट्यावरून चालायचं, माप मी घेईन. रागावू नका.

तुमची लाडकी आणि आगाऊ,
आराधना

खर्डा, ता. २९ डिसेंबर २०२४

चि. आराधनास अनेक आशीर्वाद.

तू काल गेलीस आणि घर ओस पडलं. त्या दिवशी ओल्या पावलांवर सुतळी धरून तू सव्वा फूट म्हणालीस, तेव्हा मी रुसून आत जाऊन झोपलो होतो. जेवायलाही उठलो नाही. एवढंसं पाऊल माझं असेल, हे पटेना.

नाताळच्या सकाळी तुम्ही सगळे ओट्यावर उभे होता. मी पारिजातकापर्यंत जाऊन परत आल्यावर तू विचारलंस की मधल्या फरशीवर इतका वेळ का थांबलात. त्याचं उत्तर आता लिहितो. तुझी आजी मरिया चर्चला जाताना नेहमी चार पावलं मागे असायची. रस्ताभर एकच सांगणं, "अहो, हळू चला की." ती जाईपर्यंत, चाळीस वर्षं, मी ते हसण्यावारी नेलं. त्या फरशीवर उभा असताना कळलं की हे सव्वा फुटाचं पाऊल मला ओळखीचं आहे. ते तिचं आहे.

एडविनला ती वाट जमत नाही, दोन-दोन फरश्या ओलांडत जातो. गोण्या त्याने चर्चच्या पायऱ्यांसाठी देऊन टाकल्या.

मी रोज सकाळी जातो. धुकं असतं, फुलं पडलेली असतात. सावकाश चालतो. आता मरिया मागे राहत नाही.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
गिदोन आजोबा